शंकूची सावली आणि संक्रांतीचे कीर्तन

मकरसंक्रांतीचे कीर्तन उभे राहिले, की पूर्वरंगात उत्तरायणाचा विषय यावयाचाच. शरपंजरी पडलेले पितामह भीष्म उत्तरायणाची वाट पाहत कसे राहिले, ही कथा उत्तररंगास लावावयाची, आणि मध्येच केव्हातरी हात उंचावून सांगावयाचे की, ‘मंडळी, आज सूर्यनारायणाने आपला रथ उत्तरेकडे वळविला!’ हे वाक्य आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ, पंढरीत आणि पंढरीबाहेर, किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. झांज वाजे, बुक्का लागे, तीळगूळ वाटला जाई, आणि मंडळी तृप्त होऊन घरी जात.

२०१९ सालच्या संक्रांतीस मात्र एक विलक्षण प्रसंग घडला. कीर्तन संपून मंडळी नमस्कारास येत असता, आजीचे बोट धरून आलेली एक सातवीतील मुलगी पुढे आली आणि मोठ्या धिटाईने म्हणाली, “बुवा, आमच्या शाळेतल्या काठीची सावली नाताळच्या सुट्टीपासूनच आखूड व्हायला लागली आहे. मग सूर्य आज वळला असं तुम्ही कसं म्हणता?” आम्ही हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “बाळ, शास्त्रात तसे सांगितले आहे.” भोवतालची मंडळीही हसली. मुलीचा चेहरा लाल झाला. आजीने तिला ओढीतच बाहेर नेले.

घरी आलो, पण चित्त स्वस्थ नव्हते. मुलीने प्रश्न विचारला होता काठीविषयी, आणि उत्तर देताना आम्ही शास्त्राचा आधार घेतला होता. तो आधार खरोखर आहे काय? रात्री वराहमिहिराचार्यांची बृहत्संहिता काढून आदित्यचाराचा अध्याय उघडला. हा ग्रंथ आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो, पुढे काहींना शिकविलाही. परंतु पाठ असलेल्या गोष्टी मनुष्य वाचीत नाही, हेच खरे.

त्या अध्यायाच्या आरंभी आचार्य काय सांगतात पाहा. पूर्वी कोणे एके काळी धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सूर्य उत्तरेकडे वळत असे, तसे जुन्या शास्त्रांत लिहिलेले आहे. आता, म्हणजे आचार्यांच्या सहाव्या शतकात, तो मकरारंभी वळतो. आणि जर पुढे ह्यातही फरक पडलेला दिसला, तर प्रत्यक्ष परीक्षा करून निर्णय करावा. परीक्षेची रीतही त्यांनी लगोलग सांगितली आहे. उदयास्ताच्या वेळी दूरच्या एखाद्या खुणेशी सूर्य जुळवून पाहावा, किंवा भूमीवर मोठे वर्तुळ काढून छाया त्यात कोठे शिरते आणि कोठून बाहेर पडते याच्या खुणा कराव्यात.

म्हणजे शास्त्राने जे करावयास सांगितले ते त्या मुलीच्या शाळेत चालले होते, आणि शास्त्राचे नाव घेऊन आम्ही तिला गप्प केले होते. त्या रात्री आम्हांस जी लाज वाटली, तिचे वर्णन करण्याचे सामर्थ्य आमच्या वाणीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या शाळेत गेलो. विज्ञानाच्या बाई प्रथम बावरल्या. बुवा तक्रार घेऊन आले असे त्यांस वाटले असावे. आम्ही मुलीस वर्गाबाहेर बोलाविले आणि सर्वांदेखत सांगितले की, तुझे म्हणणे बरोबर होते, आमचे उत्तर चुकीचे होते. तिने विचारले, “मग पुढच्या वर्षी कीर्तनात सांगाल का?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही तत्काळ देऊ शकलो नाही. “पुढच्या वर्षी आपण मिळून मोजू, मग सांगेन,” एवढे म्हणून वेळ मारून नेली.

आता हा सारा प्रकार काय आहे, ते सुज्ञ वाचकांस थोडक्यात निवेदन करितो. सूर्य दक्षिणेच्या परमावधीस जाऊन उत्तरेकडे वळतो, तो दिवस हल्ली २१ किंवा २२ डिसेंबर हा असतो. सर्वांत लहान दिवस, सर्वांत लांब माध्याह्नछाया त्याच दिवशी. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीतील प्रवेश. आपली पंचांगे तो ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात आणि तो १४ किंवा १५ जानेवारीस येतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडत होत्या. परंतु पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे अतिशय मंद गतीने डोलत असतो. त्याचा एक फेरा पुरा होण्यास जवळजवळ २६ हजार वर्षे लागतात, म्हणजे सुमारे ७२ वर्षांत एक अंश. यासच अयनचलन म्हणतात. आज हे अंतर २४ अंशांहून किंचित अधिक झाले आहे. सूर्य दिवसास सुमारे एक अंश चालतो, म्हणून अयन आणि संक्रांत यांत चोवीस दिवसांच्या आसपास अंतर पडले आहे. गूढ असे काहीच नाही.

हे अंतर वाढतच आहे याचा एक घरगुती पुरावा सांगतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, हे त्यांच्या चरित्रांत आपण वाचलेले असते. तारीख होती १२ जानेवारी १८६३. संक्रांत तेव्हा बाराव्या तारखेस होती. आज ती चौदा-पंधरावर आली आहे.

या विषयावर महाराष्ट्रात पूर्वी फार मोठे वाद झाले आहेत. सायन पंचांग की निरयन, हा एके काळी घराघरांतील प्रश्न होता. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ साली प्रसिद्ध झाले. ऋतूंशी जुळणारे सायन पंचांग असावे, असे त्यांचे मत होते. दीक्षित व्यवसायाने शाळामास्तर होते, ही गोष्ट आम्हांस या प्रसंगी फार महत्त्वाची वाटते. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने पंचांगसुधारणेची समिती नेमिली आणि तिच्या शिफारशीवरून राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, शके १८७९ च्या १ चैत्रापासून, अमलात आली. तीत १ पौष हा २२ डिसेंबरला येतो. आकाशवाणीवर शालिवाहन शकाची जी तारीख ऐकू येते ती हीच. आपण ऐकतो आणि विसरतो.

असो. ठरल्याप्रमाणे १ डिसेंबर २०१९ पासून मोजणी सुरू झाली. आम्ही, बाई, ती मुलगी आणि तिच्या वर्गातील सात-आठ मुले. ग्रंथांत शंकू बारा अंगुळांचा सांगितला आहे. बाईंनी युक्ती केली: चोवीस सेंटिमीटरांची काठी घेतली, म्हणजे दोन सेंटिमीटरांचे एक अंगूळ झाले आणि दोन्ही हिशेब जुळले. आमच्या हौसेखातर पहिला प्रयोग चंद्रभागेच्या वाळवंटात केला, तो पुरता फसला. वाळू सपाट होईना, काठी कलू लागली, आणि एका गायीने वर्तुळ तुडविले. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या गच्चीवर गेलो. काठी उभी आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहिले, गच्ची सपाट आहे की नाही हे थाळीत पाणी घालून पाहिले.

प्रथम दिशा काढल्या. शंकू मध्ये रोवून भोवती वर्तुळ काढावयाचे. सकाळी छाया लांब असते ती आखडत येऊन तिचे टोक जेथे वर्तुळात शिरते तेथे एक खूण, दुपारनंतर जेथून ते बाहेर पडते तेथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. तिजवर शंकूतून लंब काढला की उत्तर-दक्षिण. यज्ञवेदीच्या दिशा शुल्बसूत्रांच्या काळापासून याच रीतीने काढल्या जात. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखविते, शंकू खरी उत्तर दाखवितो. मुलांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.

मग माध्याह्न कधी होतो, हे पाहिले. मुलांस वाटे बारा वाजता. छाया उत्तर-दक्षिण रेषेवर आली तेव्हा घड्याळात बारा वाजून गेले होते. २२ डिसेंबरच्या सुमारास बारा वाजून सत्तावीस मिनिटे आणि संक्रांतीस बारा वाजून अडतीस मिनिटे. घड्याळ चालते साडेब्याऐंशी रेखांशावरच्या प्रमाणवेळेने आणि पंढरपूर आहे सव्वापंचाहत्तरच्या किंचित पलीकडे, त्यामुळे अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटांचा फरक; शिवाय सूर्याची दैनंदिन चाल वर्षभर सारखी नसते. आम्ही आयुष्यभर माध्याह्नसंध्या घड्याळाच्या बाराच्या ठोक्यास करीत आलो आहोत, हे तेथे कोणास सांगितले नाही.

सावलीचे टोक अस्पष्ट दिसते ही पहिली अडचण आली. सूर्य बिंदू नाही, त्यास बिंब आहे. त्यामुळे टोकाशी तीन-चार मिलिमीटरांचा धूसर पट्टा पडतो. बाईंनी काठीच्या टोकास बारीक छिद्राचा पुठ्ठा लावला, तेव्हा सावलीत सूर्याचे इवलेसे गोल प्रतिबिंब उमटले आणि त्याच्या मध्यावर खूण करता येऊ लागली. या प्रयोगात सूर्याकडे पाठ करून बसावयाचे असते, हा त्याचा मोठा गुण. उघड्या डोळ्यांनी अथवा साध्या काळ्या काचेतून सूर्याकडे पाहू नये, हे पालकांनी मुलांस निक्षून सांगावे.

दुसरी अडचण अधिक मोठी. १८ डिसेंबर ते २६ डिसेंबर छाया हलेचना. आठ दिवसांत अर्ध्या मिलिमीटराचाही फरक पडत नाही, तो कोणास दिसणार? मुले हिरमुसली. सूर्य नेमका कोणत्या दिवशी वळला, हे कळणार तरी कसे? येथे मात्र आमच्या जुन्या अभ्यासाचा उपयोग झाला. परमावधीच्या आधी आणि नंतर समान छायेचे दोन दिवस शोधावयाचे आणि त्यांचा मध्य काढावयाचा. १ डिसेंबरची छाया होती पावणेवीस सेंटिमीटर. वाढत वाढत ती एकवीस सेंटिमीटरांस किंचित कमी, म्हणजे साडेदहा अंगुळांच्या जवळ गेली, थांबली, आणि मग परतली. पुन्हा पावणेवीस झाली ती ११ जानेवारीस. मधले दिवस एक्केचाळीस, त्यांचा अर्धा साडेवीस. १ डिसेंबरात साडेवीस मिळवा. मुलीने फळ्यावर उत्तर लिहिले: २१-२२ डिसेंबर. खडू खाली ठेवून तिने आमच्याकडे पाहिले.

त्या मुलीची मावशी नागपुरास असते. २२ डिसेंबरला तिनेही तितक्याच उंचीची काठी मोजली. तेथे छाया जवळजवळ काठीएवढीच निघाली. नागपूर आमच्याहून सुमारे साडेतीन अंश उत्तरेस, उत्तर-दक्षिण अंतर ३८५ किलोमीटरांच्या आसपास. साडेतीन अंशांस इतके, तर ३६० अंशांस किती? त्रैराशिक मांडताच मुलांच्या हाती पृथ्वीचा परिघ आला, चाळीस हजार किलोमीटरांच्या अगदी जवळ. दोन काठ्या आणि दूरध्वनीवरचे एक बोलणे, याहून अधिक साधन लागले नाही.

मग आली २०२० ची संक्रांत. बारा अडतीसला छाया मोजली, ती एकोणीस सेंटिमीटर तीन मिलिमीटर भरली. अयनदिनापासून दिनमान सहा मिनिटांनी वाढले होते. संध्याकाळी कीर्तनास उभे राहिलो आणि पूर्वरंगातच सांगून टाकले: सूर्य चोवीस दिवसांपूर्वी वळला, आज तो मकर राशीत आला, स्नान, दान, तीळगूळ आजचेच, परंतु वळल्याची साक्ष आज देता येत नाही. आणि गेल्या वर्षी याच जागी एका लेकीस आम्ही चुकीचे उत्तर दिले होते, हेही सांगितले.

मंडळींत कुजबुज झाली. एक वयोवृद्ध यजमान, ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे आमचे कीर्तन होत असे, म्हणाले, “बुवा, आता सणही सावली मोजून करायचे काय?” आम्ही म्हणालो, “नाना, सण तुमच्या-आमच्या आजोबांनी केला त्या दिवशीच करू. पण सूर्य काय करतो ते सूर्यासच विचारू.” त्यांचे समाधान झाले नाही. त्या वर्षीपासून त्या घरचे निमंत्रण आलेले नाही. आम्हांस त्याचे वाईट वाटते. मनुष्य थोर आणि निष्ठावंत. त्यांची भीती आम्हांस कळते. एक वाक्य सुटले की सारे सुटेल, असे त्यांस वाटते. आमचा अनुभव निराळा आहे. पूर्वी आम्ही सूर्यास अर्घ्य देत असू ते डोळे मिटून. आता माध्याह्नीची छाया पाहिल्यावाचून आमचा दिवस जात नाही.

संक्रांतीचेच काय, वर्षभरातील कितीतरी सणांच्या आगेमागे मुलांस असे काही दाखविता येण्यासारखे आहे. मार्चच्या २०-२१ तारखेस दिवस-रात्र समान असताना मोजलेली बारा अंगुळांच्या शंकूची छाया म्हणजे त्या गावाची पलभा. जुन्या पंचांगांत ती गावोगावची छापलेली असे. पंढरीची तीन अंगुळे पन्नास व्यंगुळे. मुलांनी ती स्वतः काढावी आणि पंचांगाशी ताडून पाहावी. मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची छाया क्षणभर नाहीशी होते: पणजीस पहिल्या आठवड्यात, पंढरपुरास १० मेच्या, पुण्यास १३-१४, मुंबईस १५-१६ आणि नागपुरास २६ मेच्या सुमारास. हा योग ऑगस्टच्या आगेमागे पुन्हा येतो, पण मेघ तो पाहू देत नाहीत. कोजागिरीस दूध आटवावे, चंद्र मात्र दुर्बिणीतून पाहावयाचा असेल तर शुद्ध अष्टमीस पाहावा. पूर्णचंद्रावर सावल्या नसतात, त्यामुळे त्यावरील विवरे उठून दिसत नाहीत. याच सुमारास ४ ते १० ऑक्टोबर हा जागतिक अंतराळ सप्ताह शाळांतून साजरा होतो. आणि सध्याच्या, संक्रांतीच्या दिवसांत, हळदीकुंकवाहून परत येताना माताभगिनींनी मुलांस पूर्वेकडे मृगाचे तीन तारे, वर रोहिणी आणि कृत्तिका, खाली झगझगीत व्याध दाखवावा. रात्र थोडी चढली की दक्षिणेस अगस्तीही दिसतो.

ज्या मुलांस याहून पुढे जावयाचे आहे त्यांजसाठी आज पुष्कळ दारे उघडी आहेत, आमच्या बालपणी ती नव्हती. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्य करीत आहे. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीस रात्रभर आकाशदर्शन घडविते. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या ‘आयुका’त शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तेथे शिक्षकांसाठीही कार्यशाळा होतात आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी लोकांस आत जाऊन पाहता येते. या संस्थेचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर २०२५ साली निवर्तले. उज्जयिनीस महाकालाच्या दर्शनास जाणाऱ्यांनी सवाई जयसिंहांच्या वेधशाळेतील शंकुयंत्र अवश्य पाहावे. ते गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली तेथे उभे राहिले.

‘इस्रो’ने २०१९ पासून नववीतील विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ नावाचा उन्हाळी सुट्टीतील निवासी कार्यक्रम सुरू केला आहे. निवडलेल्या मुलांचा प्रवास, निवास, भोजन यांचा भार इस्रो उचलते, आणि ग्रामपंचायतीच्या क्षेत्रातील शाळांच्या मुलांस निवडीत अधिक गुण मिळतात. खेड्यातील पालकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. आमच्या त्या मुलीचे नववीचे वर्ष नेमके महामारीत गेले, कार्यक्रमात खंड पडला, आणि तिची संधी हुकली. ती फार रडली होती. पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ उतरले, तेव्हा पेढे घेऊन आमच्याकडे प्रथम तीच आली. हा दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. आणि ६ जानेवारी २०२४ रोजी, संक्रांतीच्या तोंडावर, सूर्याचा वेध घेणारे आपले ‘आदित्य’ यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवरील आपल्या स्थानी पोहोचले, तेव्हा तिने दूरध्वनीवरून विचारले, “बुवा, हे कीर्तनात घेणार ना?”

घेतले. यंदाही घेणार आहोत. शाळेच्या गच्चीवरील काठी आता नव्या मुलांच्या ताब्यात आहे; १ डिसेंबरपासूनच्या त्यांच्या नोंदी भिंतीवर लावलेल्या आहेत, एका ढगाळ आठवड्याची जागा कोरी आहे. संक्रांतीच्या दुपारी बारा वाजून अडतीस मिनिटांनी ज्यांस यावयाचे असेल त्यांनी यावे. ऊन असते, डोक्यावर टोपी किंवा पदर असावा. तीळगूळ बाई आणणार आहेत.